उलटायची राहिलेली पोळी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणाचं होतं हे सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. लहान असाल तर पुढे बसा, मोठे असाल तर मागे बसा, पण नीट ऐका. आणि आंबापोळीचं नाव निघालं म्हणून उगाच ओठ चाटू नका. पदार्थ गोड आहे, गोष्ट गोड नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि डोंगराच्या माथ्यावर राजाचा गड होता. पावसाळा तोंडावर आला की गावातले धट्टेकट्टे पुरुष पहाऱ्याला गडावर चढायचे. एकदा पाऊस लागला की मधली नदी दोन्ही काठ सोडून वाहायची आणि वाट बंद व्हायची, ती थेट दसऱ्याला उघडायची. तोवर वरचे वर, खालचे खाली. गडाच्या कोठारात नाचणी असायची, तांदूळ असायचा, मीठ असायचं. पण नुसत्या नाचणीवर अख्खा पावसाळा काढून बघा, म्हणजे जिभेचे काय हाल होतात ते कळेल. म्हणून प्रत्येक घरातून गडावर एक गाठोडं जायचं, आंबापोळीचं.

आंबापोळी सगळ्याच घरी व्हायची. रायवळ आंबे पिळायचे, रस गाळायचा, गूळ घालून थोडा आटवायचा, तूप चोळलेल्या ताटात पातळ पसरायचा आणि उन्हात ठेवायचा. सुकला की सोलून घडी घालायची. ही पातळ पोळी श्रावणापर्यंत टिकायची. पुढे तिला बुरशी यायची, म्हणून ती आधीच खाऊन संपवायची.

पण गावात एक घर असं होतं, की त्या घरची पोळी बोटाएवढी जाड असायची आणि दसऱ्यापर्यंत जशीच्या तशी राहायची. थरावर थर, थरावर थर. उन्हाकडे धरली तर मधासारखी दिसायची. त्या घरचं गाठोडं गडावर कोणी लवकर सोडत नसे. सगळ्यांची गाठोडी संपली, भाद्रपद सरत आला, गडावर ताप सुरू झाला, की मग ते निघायचं. तापकऱ्याच्या पोटात पेजही ठरत नाही. त्याला ह्या पोळीचा तुकडा गरम पाण्यात विरघळवून पळीपळीनं पाजायचा, ही गडाची रीत होती. म्हणून पुरुष वर निघाले की सगळ्यात पुढे ह्या घरचं गाठोडं असायचं, आणि गाव त्याला हात लावून नमस्कार करायचं.

ही पोळी करायची त्या घरची म्हातारी. नवरा केव्हाच गेला होता. एक मुलगा होता, तो पहाऱ्याला जायचा. आणि सून होती, ती सासूला आत्याबाई म्हणायची. तशी तिकडची पद्धत होती.

म्हातारी कामाला वाघीण होती, पण मनात एक भीती घेऊन बसली होती. शेजारपाजारच्या घरांतून तिनं पाहिलं होतं. सून हाताशी आली, स्वयंपाक तिच्या हाती गेला, की सासूला कोण विचारतो? जात्यामागची जागा, एक घोंगडी आणि वेळेवर जेवण. कोणी वाईट वागत नाही, पण कोणी विचारायलाही येत नाही. म्हातारीला त्या न विचारण्याची धास्ती होती. माझ्याकडे पोळी आहे तोवर मी आहे, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

सून मोठी हौशी. लग्न होऊन आली त्याच उन्हाळ्यात म्हणाली, आत्याबाई, मला पण शिकवा. नाही कसं म्हणणार? गाव काय म्हणेल? म्हातारीनं शिकवलं. आंबट आंबे किती, गोड किती, गूळ केव्हा घालायचा, रस किती आटवायचा, सगळं मन लावून शिकवलं. फक्त एक गोष्ट सांगितली नाही.

ती गोष्ट अशी. थरावर थर घालत गेलं की वरची बाजू ऊन खाते, पण ताटाला चिकटलेली बाजू ऊन बघतच नाही. म्हणून दोन थर झाले की पोळी अलगद सोडवून उलटी करायची, आणि एक अख्खा दिवस नवा रस न घालता तिचं पोट उन्हाला दाखवायचं. मग पुन्हा थर, पुन्हा उलटणं. बस्स, एवढंच. म्हातारी हे काम भर दुपारी करायची, घर झोपलेलं असताना. आणि सुनेनं विचारलं तेव्हा तिनं नुसतं लपवलं नाही, तर चक्क उलटं सांगितलं. पोळीला मधे हात लावायचा नाही, म्हणाली. फाटते. थर वरून सुकला की दुसरा ओतायचा. आतून मऊ लागली तर समजायचं, छान झाली.

सुनेनं दरवर्षी एक छोटं ताट स्वतःचं म्हणून घालून पाहिलं, माहेरी न्यायला. दरवर्षी त्याला आतून बुरशीचे केस फुटले. पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, असू दे गं, हाताचा गुण असतो एकेकाच्या. आणि ती बिचारी आपले दोन्ही हात पालथे करून बघत बसायची. राग येतो ना ऐकून? मलाही येतो. पण थांबा, अजून तो खर्चू नका.

एका उन्हाळ्यात, आंबे उतरवायचे दिवस आले आणि म्हातारी विहिरीच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. वैदूनं पाला बांधला, कामट्या बांधल्या आणि बजावून गेला की पाऊस पडेपर्यंत हात हलवायचा नाही. म्हातारीची खाट दारात आणली, म्हणजे तिला अंगण दिसेल. आणि पोळीचं सगळं काम सुनेवर पडलं.

सुनेनं पदर खोचला. आंबे निवडले, पिळले, रस आटवला, ताटं मांडली. कावळ्यांवर नजर ठेवत दिवसभर उन्हात बसली. एकही गोष्ट ती विसरली नाही. ह्या वेळी आत्याबाई समोर आहेत, चुकलं तर सांगतील, असा तिला धीर होता. सासूनं सांगितलं होतं तसंच सगळं करत गेली, आणि तीच तर आफत होती.

दोन थर झाले. म्हातारी खाटेवरून बघत होती. आता उलटायला हवी होती. सुनेनं रसाची कढई उचलली आणि तिसरा थर ओतला. म्हातारीच्या तोंडाशी शब्द आला. एकच वाक्य होतं. पण ते बोललं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत? म्हातारीनं कूस बदलली.

मन मोठं लबाड असतं. ते म्हातारीला सांगू लागलं, एक वर्ष बिघडू दे की. बिघडलं म्हणजे तुझी किंमत कळेल. मग दुसऱ्या दिवशी म्हणालं, आज नको, उद्या सांग, अजून वेळ आहे. उद्या आला, तसा चौथा थरही आला. शेजारणी येऊन अंगणात उभ्या राहिल्या आणि सुनेचं कौतुक करू लागल्या. काय चकाकतेय म्हणाल्या, आता काय, म्हातारीला आराम झाला. झालं. त्या एका शब्दानं म्हातारीच्या जिभेला कुलूपच लागलं.

पोळ्या तयार झाल्या. वरून सोन्यासारख्या होत्या. सुनेनं त्या सोडवल्या, तुपाचा हात फिरवला, केळीच्या सुक्या पानांत गुंडाळल्या आणि गाठोडं बांधलं. शेवटची गाठ मारताना तिनं डोळे मिटले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातची पोळी गडावर चालली होती.

निघायच्या दिवशी मुलगा आईच्या पाया पडायला आला. गाठोडं त्याच्या खांद्यावर होतं. म्हातारीला आपल्या घरच्या गाठोड्याची रीत आठवली नाही, असं नाही हं. चांगली आठवली. शेवटच्या दिवसांचा ताप आठवला, पळी आठवली, सगळं आठवलं. तिनं मुलाचा हात धरला आणि म्हणाली,

“बाळा, ती पोळी...”

“फार सुरेख झालीय, आई,” मुलगा म्हणाला. “अगदी तुझ्याच हातची वाटते.”

म्हातारीनं त्याचा हात सोडला. सांभाळून जा, म्हणाली. एवढं बोलणं जमलं तिला.

गाव वेशीपर्यंत गेलं. सगळ्यांनी गाठोड्याला हात लावून नमस्कार केला. शेजारच्या घरात एक विधवा राहायची, तिचा एकुलता एक मुलगा त्या वर्षी पहिल्यांदाच पहाऱ्याला चालला होता. तिनं तर गाठोड्यावर डोकं टेकवलं. मग पाऊस आला, नदी भरली आणि वाट बंद झाली.

त्या पावसाळ्यात म्हातारीला झोप लागेना. चुलीजवळ काही आंबलं, भिंतीला ओल आली, की ती दचकायची. सून तिच्या मनगटाला तेल लावायची, तिची वेणी घालायची, तिला भरवायची. आणि मधेच उत्साहानं विचारायची, आत्याबाई, आता सोडलं असेल का हो त्यांनी गाठोडं? म्हातारी म्हणायची, मला काय ठाऊक. आता सांगूनही काय उपयोग होता? नदी आडवी होती. तरी सांगून सुनेपुढे मान खाली घालता आली असती. तेवढंही केलं नाही तिनं.

दसरा आला. नदी उतरली. पुरुष डोंगर उतरून येताना दिसले तेव्हा बायका आरत्या घेऊन वेशीवर उभ्या राहिल्या. ढोल वाजला नाही. एक माणूस कमी होता. शेजारणीचा मुलगा.

काय झालं ते पहारेकऱ्यांच्या म्होरक्यानं सांगितलं. भाद्रपदाच्या शेवटी पोराला ताप भरला. पोटात काही ठरेना. सगळ्यांची गाठोडी केव्हाच संपली होती. तेव्हा रीतीप्रमाणे राखून ठेवलेलं गाठोडं काढलं, सगळे भोवती बसले आणि गाठ सोडली. पानं उलगडली तर आत हिरवीकाळी लव. एक पोळी फोडली, दुसरी फोडली, सगळ्या पोळ्यांचं पोट ओलं. पोरगा डोळे लावून बसला होता. मला द्या की, म्हणत होता. काय देणार? पेजेचं पाणी देत राहिले. चार दिवसांनी तो गेला.

आता कोणी म्हणेल, पोळीनं तो वाचला असता कशावरून? खरंच, देव जाणे. तापानं आधीही माणसं गेली होती. पण ज्या आईला मूल पुरून आल्याची बातमी कळते, तिला असलं काही ऐकू येत नाही. ती चालत आली आणि सुनेसमोर उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली,

“बाई, तुला येत नव्हतं, तर येत नाही म्हणायचं होतंस.”

सगळं गाव पाठोपाठ त्यांच्या घरापर्यंत आलं. सुनेच्या नवऱ्यानं ते गाठोडं ओट्यावर ठेवलं. बुरशीचा वास सगळ्या अंगणात पसरला.  सुनेनं एकेक गोष्ट आठवून पाहिली, आंबे, गूळ, तूप, ऊन. मग ती सासूकडे वळली.

“आत्याबाई, तुम्ही सांगितलंत तसंच केलं ना मी? तुम्ही बघत होतात.”

सगळं गाव म्हातारीकडे बघू लागलं. मुलगा बघू लागला. पोर गमावलेली आई बघू लागली. अजूनही वेळ होती, बरं का. मेलेला परत येणार नव्हता, पण जिवंत होती ती सून तरी वाचली असती.

“मी पुष्कळ सांगितलं होतं,” म्हातारी म्हणाली. “तुझ्या ध्यानात राहिलं नसेल.”

सून तिच्याकडे बघत राहिली.  काय कळायचं ते तिला त्या घडीला कळलं. नेमकं काय लपवलं ते कळलं नाही, पण काहीतरी लपवलंय हे कळलं. आणि तिच्याकडे पुरावा काय होता? स्वतःचे दोन हात. ते तर आधीच बदनाम होते.

गावानं त्या घरी येणं-जाणं सोडलं. विहिरीवर सुनेला वाट देईनात. नवरा गप्प गप्प राहू लागला, आणि एके दिवशी खाली बघून म्हणाला, थोडे दिवस माहेरी जाऊन ये. थोडे म्हणजे किती, हे तिनं विचारलं नाही. ताटं घासून पालथी घातली, आपलं लुगडं घेतलं आणि गेली.

थंडी गेली, उन्हाळा आला, आंबे पिकले. म्हातारीचं मनगट जुळलं होतं, पण वाकडं जुळलं होतं. तिनं रस केला, थर घातला. दोन थर झाल्यावर पोळी उलटायला घेतली, तर एका हातानं ती उचलेना. फाटली. दुसरं ताट घेतलं, तेही फाटलं. ह्या कामाला दुसरे दोन हात लागणार होते. तिनं गावातल्या लेकीसुनांना निरोप पाठवले, की या, मी शिकवते, सगळं शिकवते, काही मागे ठेवत नाही. कोणी आलं नाही. एक पोर दारावरून चालली होती, तिला हाक मारली, तर ती म्हणाली, तुमच्याकडे शिकलेली कुठे गेली ते आम्ही पाहिलं, आजी.

त्या दिवशी म्हातारी कोसळली. मुलगा घरी आला तेव्हा ती फाटक्या पोळ्यांपुढे बसून होती. तिनं त्याला सगळं सांगितलं. उलटणं सांगितलं, दुपारी लपून करणं सांगितलं, खाटेवरून बघत राहिलेले ते दिवस सांगितले. त्याचा हात धरला होता तो क्षणही सांगितला.  मुलगा उठला, पायात वहाणा घातल्या आणि बायकोच्या माहेरची वाट धरली.

ती परसात भांडी घासत होती. तो कुंपणाबाहेर उभा राहून सांगत गेला, आणि ती राखेचे हात तसेच धरून ऐकत राहिली.

“एवढंच होतं?” तिनं विचारलं. “उलटून एक दिवस उन्हात ठेवायची, एवढंच?”

“एवढंच.”

ती खाली बसली. रडेल असं त्याला वाटलं, पण ती रडली नाही. तो म्हणाला, चल घरी. चूक तुझी नव्हती, मी गावाला सांगतो.

“गावाला सांगा,” ती म्हणाली. “त्या माउलीला आधी सांगा. पण मी येणार नाही. पोळी बिघडली तेव्हा तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत. माझी चूक नाही हे कळल्यावर न्यायला आलात. मग उद्या खरंच माझ्या हातून काही चुकलं, तर मी कुठे जायचं?”

 

तो एकटाच परत आला. पोर गमावलेल्या आईच्या दारात जाऊन त्यानं खरं काय ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. नंतर त्यानं ते गावालाही सांगितलं. मग पावसाळा तोंडावर आला. पुरुष गडावर निघाले. म्हातारीनं डाव्या हातानं, दातांत पदर धरून, कशीबशी एक पोळी केली होती. नीट उलटून, नीट सुकवून केली होती. तिनं ती पानात गुंडाळली आणि मुलापुढे धरली. मुलगा पाया पडला, रीत म्हणून. पण गाठोडं त्यानं घेतलं नाही. ह्या घरचं आता वर कोणी खाणार नाही, म्हणाला, आणि रिकाम्या खांद्यानं चालू लागला.

त्या दसऱ्याला सगळे उतरून आले, तो आला नाही. बारमाही पहाऱ्यावर राहतो म्हणून त्यानं कळवलं. म्हातारी आणखी बरीच वर्षं जगली. तिच्या आंब्याखाली दर उन्हाळ्यात सडा पडायचा, आणि त्यावर माश्या बसायच्या.

ध्यानात ठेवा: आपलं महत्त्व टिकावं म्हणून जो दुसऱ्याला मुद्दाम चुकीचं शिकवतो, त्याचं ते शिकवणं निरपराधाचा बळी घेतं आणि शेवटी त्याचंच घर ओस पाडतं.